अहवाल नंतर कळवू

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

मंडळ बरखास्त करण्याच्या ठरावाचा मसुदा आज तिसऱ्यांदा लिहिला आणि तिसऱ्यांदा फाडला. छत्तीस वर्षांची संस्था, आणि ती संपवायला चार ओळी पुरतात.

'अतिसूक्ष्म निदान मंडळ' हे नाव निसळ सरांनी ठेवलेलं. तेव्हा भारदस्त वाटायचं. आता प्रत्येकाला फोड करून सांगावी लागते, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचं निदान करणाऱ्या डॉक्टरांची ही संघटना. सांगून झालं की समोरचा विचारतो, "अच्छा, म्हणजे अजून वापरतात का ते?"

यादीत चौसष्ट सभासद आहेत. पत्र धाडलं की चौदा-पंधरा उत्तरं येतात. त्यातली एक-दोन मुलांकडून असतात, बाबा आता नाहीत म्हणून. वार्तापत्र दोन वर्षं निघालेलं नाही. संपादक मीच, त्यामुळे चिडायलाही कुणी नाही.

वीस ऑक्टोबरला शेवटची सभा. त्याआधी मंडळाच्या संग्रहातल्या काचपट्ट्या वाटून टाकायच्या. त्या सगळ्या आमच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत, दोन लोखंडी कपाटांत. उद्यापासून उपसायला घ्यायच्या. गुडघे आत्तापासूनच कुरकुरतायत.

५ सप्टेंबर, गुरुवार

संपतने खालच्या कप्प्यातून एक प्लॅस्टिकची पेटी काढली. संपत आमचा तंत्रज्ञ, सव्वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. पेटीवर माझ्या अक्षरात 'ई.एम. शिल्लक' लिहिलेलं, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं राहिलेलं काम. आत त्रेचाळीस ठोकळे.

किडनीचा तुकडा सुईने काढतात तेव्हा बहुतेक भाग साध्या सूक्ष्मदर्शकाकडे जातो. तांदळाच्या कणीएवढा इलेक्ट्रॉनसाठी राखून ठेवतात आणि राळेत घट्ट बसवतात. असा ठोकळा पन्नास वर्षांनीही कापता येतो. साधा अहवाल आठवड्यात जातो आणि त्याच्याखाली आम्ही लिहितो, 'इलेक्ट्रॉन अहवाल नंतर कळवू.' पेटीतले त्रेचाळीस म्हणजे ते 'नंतर'. सगळे पंधरा ते सतरा सालातले. तेव्हा यंत्र सारखं बंद पडायचं. कंपनीचा माणूस बंगलोरहून यायचा आणि सुटा भाग जपानहून.

"टाकून दे," मी म्हटलं. संपत "टाकतो" म्हणाला आणि पेटी वरच्या फळीवर ठेवली.

तनया मागे उभी होती. ती गेल्या वर्षी आमच्याकडे रुजू झालेली डॉक्टर आहे. हुशार आहे, फार दिवस टिकणार नाही. म्हणाली, "मॅडम, यातले किती पेशंट अजून आपल्याकडे येतात ते सिस्टीमवर चेक करू का?"

"वेळ असेल तर कर," म्हटलं. ज्या सुरात म्हटलं तो ऐकून दुसरं कुणी गप्प बसलं असतं.

८ सप्टेंबर, रविवार

निसळ सरांकडे गणपतीला गेले. नारायण पेठेत गाडी नेणं शक्यच नव्हतं. नदीपलीकडे लावली आणि चालत गेले. सर एक्याऐंशीचे झाले. मंडळाचे अध्यक्ष अजून तेच, कारण दुसरं कुणी तयार नाही.

शेवटच्या सभेत त्यांना मंडळाचा इतिहास सांगायचाय, फोटो दाखवून. एक अल्बम काढून बसले होते. सोळा सालच्या अधिवेशनाच्या फोटोंवर आम्ही दोघं बराच वेळ थांबलो. दोनशे बारा प्रतिनिधी, चार देशांतले पाहुणे. जानेवारी ते एप्रिल मी प्रयोगशाळेत जेमतेम पाय ठेवला असेल. फोन कानाला, हातात याद्या. फोटोत मी मोतिया रंगाच्या साडीत हसतेय. इतकी हसत असे मी? सर सुनेला म्हणाले, "हे सगळं हिने एकटीने पेललं बरं का." कामातलं ते माझं सर्वांत चांगलं वर्ष.

दोन मोदक खाल्ले. परत येताना पुलावर दम लागला.

११ सप्टेंबर, बुधवार

तनयाने खरंच शोध घेतला. त्रेचाळीसपैकी सहा जण अजून आमच्याकडे येतात. त्यातला एक पृथ्वीराज दांगट, वय चोवीस, राहणार शिवणे. दोन वर्षं डायलिसिसवर आहे. सात ऑक्टोबरला बहिणीची किडनी त्याला बसवायची ठरली आहे.

जानेवारी सोळामध्ये तो पंधरा वर्षांचा होता. माझा अहवाल काढून पाहिला. 'गाळण्यांवर काही ठिकाणी व्रण. कारण निश्चित नाही. इलेक्ट्रॉन अहवाल नंतर कळवू.' खाली माझी सही, तेव्हाची, वळणदार.

तनयाने तुकड्याबरोबर आलेला जुना अर्ज पुढे केला. तळाशी कुण्या शिकाऊ डॉक्टरने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ऐकू कमी येतं.'

"मॅडम, किडनी आणि कान. तुम्हीच शिकवता आम्हाला."

मला राग आला. तिचा की पेन्सिलीचा, सांगता येत नाही. संपतला म्हटलं, हा ठोकळा काप.

१४ सप्टेंबर, शनिवार

काल दिवसभर संपत हिऱ्याच्या सुरीने कापत होता. पाण्यावर तरंगणारे चंदेरी पापुद्रे तांब्याच्या बारीक जाळीवर उचलायचे. त्याचा हात अजून हलत नाही. आज अकराला मी यंत्रावर बसले, तनया शेजारी.

निरोगी किडनीत रक्त गाळणारा पडदा एकसारखा दिसतो, पाटाच्या काठासारखा सरळ. इथे तो फाटून त्याचे पदर सुटले होते. एकात एक गुंतलेले, जुन्या टोपलीची वीण उसवावी तसे. मध्ये काळे ठिपके. एक मिनिटही लागलं नाही. विद्यार्थ्याने ओळखावं इतकं ते स्पष्ट होतं.

आल्पोर्ट. जन्मतः येणारा रोग. किडनी जाते, कान जातात. बहुतेक घरांत तो आईकडून मुलाला येतो, आणि मुलींमध्येही असू शकतो, दबून.

बहिणीमध्येही.

मी पंचवीस फोटो घेतले. पाच पुरले असते.

१६ सप्टेंबर, सोमवार

किडनीचे डॉक्टर केयूर यांना सकाळीच गाठलं. ते तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. ते आले तेव्हा मुलाच्या किडन्या आक्रसून गेल्या होत्या, पुन्हा तुकडा काढण्यात अर्थच नव्हता. त्यांनी फोटो पाहिले आणि बहिणीची फाइल उघडली. लघवीत रक्ताच्या पेशी. समोर लिहिलेलं, 'पाळीमुळे असावं.'

"तिची किडनी काढली असती, तर दहा-पंधरा वर्षांनी तीही इथेच आली असती कदाचित," केयूर म्हणाले. मग फाइल मिटून, "पूर्णिमा मॅडम, हा रिपोर्ट आत्ता कसा काय आला?"

"यंत्र बंद होतं तेव्हा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. शनिवारी घरच्यांना बोलावलंय, मीही यावं म्हणाले. मी कशाला? चौतीस वर्षांत मी रुग्णांना भेटलेले नाही. मला त्यांचे तुकडे भेटतात.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अहवालात उशिराचं कारण एका ओळीत द्यावं म्हणून संपतकडे सोळा सालची यंत्राची नोंदवही मागितली. त्याने आणून ठेवली आणि तिथेच उभा राहिला.

जानेवारीत यंत्र एकतीस दिवस चालू. फेब्रुवारीत अकरा दिवस बंद. मार्च चालू, एप्रिल चालू. रोजच्या रकान्यात संपतची सही. 'तपासणारे डॉक्टर' या रकान्यात माझी सही नाही. पानामागून पान रिकामा रकाना.

"मी कापून ठेवायचो मॅडम," संपत म्हणाला. "जाळ्या डबीत होत्या. तुम्ही अधिवेशनात होता. नंतर जाळ्या खराब झाल्या, मग ठोकळे पेटीत टाकले."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं." इतकंच बोलून तो चहा सांगायला गेला.

म्हणजे यंत्र बंद नव्हतं. आठ वर्षं मी हेच सांगत आले आणि मला ते खरंच वाटत होतं. खोटं बोलत होते असंही नाही. हे जास्त वाईट की कमी, ते आज ठरवता येत नाही. लवकर झोपते.

२१ सप्टेंबर, शनिवार

केयूरांच्या खोलीत चौघं बसले होते. गेनबा दांगट, सत्तावन्न वर्षांचे, पांढरा शर्ट, हात मांड्यांवर. शिवण्यात त्यांची जमीन होती. आता तिच्यावर इमारती उभ्या आहेत आणि ते स्वतः विटा-वाळूचा धंदा बघतात. त्यांच्या पत्नी विजयमालाबाई. मुलगी राजनंदिनी, सत्तावीस, हिंजवडीत नोकरी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आणि पृथ्वीराज, बारीक अंगाचा, बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहणारा.

केयूरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, आधी दोघा भावंडांची जनुक-तपासणी करायची. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग विजयमालाबाईंनी विचारलं, "म्हंजी ह्यो रोग पोराला कुठनं आला?"

केयूर माझ्याकडे बघू लागले. हे सांगायचं काम माझं ठरलेलं दिसत होतं.

"बहुतेक तुमच्याकडून," मी म्हटलं. "पण त्यात तुमचा काही दोष नाही. तुम्हाला ते कळण्यासारखंच नव्हतं."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. "माझा भाऊ असाच गेला. बहिरा झाला व्हता. समदी म्हनायची दारूनं गेला. पीत न्हवता ओ तो."

राजनंदिनी म्हणाली, "मॅम, टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी मी देणार. माझी बॉडी आहे, माझा डिसिजन आहे."

"मग तुला कोण देईल?" केयूरांनी विचारलं.

तिने गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरलं. मग मी एक प्रश्न विचारला. हुशारीने नव्हे, फाइलमध्ये ते पान कोरं होतं म्हणून. "वडिलांची तपासणी का नाही केली? रक्तगट तर जुळतो. हा आजार आईकडून आला असेल, तर वडिलांमध्ये तो नसणार."

राजनंदिनी म्हणाली, "कुणी विचारलंच नाही. पहिल्या दिवसापासून माझंच नाव होतं." आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

गेनबा जमिनीकडे बघत होते. "चुलते म्हनले, कर्त्या मानसाच्या पोटाला सुरी लावायची न्हाई. म्या ऐकलं." मग मान वर करून केयूरांना म्हणाले, "साखर न्हाई मला. बीपी न्हाई. माझी चालत आसंल तर माझी घ्या."

"पप्पा, राहू द्या," राजनंदिनी म्हणाली.

"तू गप ऱ्हा," ते म्हणाले. मुलीकडे मात्र त्यांना बघता येत नव्हतं.

दारातून बाहेर पडताना तिने मला थांबवलं. "मॅम, हा तुकडा कधीचा आहे?"

"जुना आहे," मी म्हटलं आणि कॉरिडॉरमधून निघून गेले. 'चालत गेले' असं लिहिणार होते, पण जवळजवळ पळालेच.

१४ ऑक्टोबर, सोमवार

जनुकांचे निकाल आले. पृथ्वीराजमध्ये दोष आहे. राजनंदिनीमध्येही आहे. तिला दरवर्षी तपासणी आणि गोळ्या लागतील, पण किडन्या दोन्ही जागेवर राहतील. गेनबांच्या तपासण्या आतापर्यंत चांगल्या आल्या.

तनया म्हणाली, "मॅडम, तुम्ही तिला वाचवलंत." मी तिला नोंदवही दाखवली. तिने शांतपणे ती मिटली. "मला माहीत होतं. ठोकळ्यांवरच्या तारखा नोंदवहीशी लावून पाहिल्या तेव्हाच दिसलं."

महिनाभर ही मुलगी जाणून होती आणि रोज माझ्याशेजारी बसून शिकत होती. मला वाटलं होतं, तिला इथून जायची घाई आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सरांना फोन केला. सभेत दांगटांची केस मांडायची आहे म्हटलं, नोंदवहीसकट.

सर म्हणाले, "अगं, मंडळाला सुखाने मरू दे की. शेवटच्या दिवशी शवविच्छेदन कशाला?"

"आपण तेच तर करतो सर."

"तुझ्या नावाला बट्टा लागेल."

"कुणापुढे? पंधरा म्हाताऱ्यांपुढे?"

"सोळा," सर म्हणाले. "मी धरून." आणि फोन ठेवला.

२० ऑक्टोबर, रविवार

सभा झाली. प्रत्यक्षात पंधरा जणच आले. नागपूरच्या डॉ. चैताली रात्रीच्या बसने आल्या, पाय सुजलेले. सरांनी इतिहास आवरता घेतला. सोळा सालचे फोटो त्यांनी दाखवले नाहीत.

मी उसवलेल्या पडद्याचे पाच फोटो दाखवले आणि सहावा नोंदवहीच्या पानाचा. म्हटलं, तुकडा इथे होता, यंत्र चालू होतं, तंत्रज्ञाने कापून ठेवलं होतं. बघायला मी नव्हते. मी आपलं अधिवेशन भरवत होते.

टीका होईल असं वाटलं होतं. कुणी वरच्या पंख्याकडे बघत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. मग चैतालीताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माझ्याकडे एक ड्रॉवर आहे. गेली सहा वर्षं मी तो उघडलेला नाही." त्यांच्यामागून आणखी दोघं बोलले. आणि मग सर, अध्यक्षांच्या खुर्चीतून, माइक न घेता, "मी निवृत्त झालो तेव्हा दोन पेट्या ठेवून आलो होतो. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही."

ठराव मंजूर झाला. दहा विरुद्ध पाच. मंडळ बरखास्त. जेवताना लोक डायऱ्या काढून कुणाकडे किती ठोकळे आहेत आणि कुणाचं यंत्र चालू आहे ते लिहून घेत होते. मंडळ असताना इतकं काम आम्ही एका सभेत कधी वाटलं नव्हतं. हे मी मोठ्याने बोलले. कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं, की खोलीभर डॉक्टरांना सांगितलं. ज्याचं त्याला सांगितलं नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

केयूर म्हणतात, शस्त्रक्रिया होऊ द्या, मग सांगा, आत्ता त्यांचा विश्वास ढळला तर पंचाईत होईल. खरं असेलही. मला ते फार सोयीचं वाटलं, म्हणून लिहून ठेवते.

१० डिसेंबर, मंगळवार

काल गेनबांची किडनी पृथ्वीराजला बसवली. टेबलावरच नव्या किडनीतून लघवी सुरू झाली, असं केयूरांनी फोनवर सांगितलं. बापलेक दोघे बरे आहेत. कर्वेनगरच्या भाजीवाल्याशी मी काल संध्याकाळी विनाकारण पाच मिनिटं बोलत उभी राहिले. त्याला नवल वाटलं असणार.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

बाह्यरुग्ण विभागात गेले. पृथ्वीराज तपासणीला येणार हे माहीत होतं. तो बाकावर बसला होता, तोंडाला मास्क, कानात नवं यंत्र. गेनबा औषधांच्या रांगेत होते. मी शेजारी बसले. दोन दिवस पाठ केलेलं सगळं विसरले.

"तुझा तुकडा सोळा साली माझ्याकडे आला होता," मी म्हटलं. "तो मी तेव्हाच बघायला हवा होता. बघितला नाही. यंत्र चालू होतं. चूक माझी आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नाही. माझ्याही तोंडाला मास्क, त्यामुळे ओठही दिसत नसणार. मी मास्क खाली केला आणि तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. बाकावरची माणसं वळून बघू लागली. एका बाईंनी पोराला जवळ ओढलं.

"आलं ऐकू," तो म्हणाला. "पहिल्यांदाच आलं होतं."

मग विचारलं, "तेव्हा कळलं असतं, तर काय झालं असतं?"

"एक गोळी सुरू केली असती. साधीच, रक्तदाबाची. किडन्या आणखी काही वर्षं चालल्या असत्या. किती ते सांगता येत नाही."

"पाच?"

"कदाचित."

तो मनात काही तरी जुळवत होता. बारावी, कॉलेज, डायलिसिसची दोन वर्षं, मला काय माहीत. चेहरा मास्कमध्ये. मी माफी मागितली. त्याने मान हलवली, हो की नाही ते समजलं नाही. आतून त्याचा नंबर पुकारला. तो उठला, फाइल छातीशी धरली आणि म्हणाला, "ताईला पण सांगा. ती रोज विचारते." आणि आत गेला.

मी बाकावर बसून राहिले. सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. तेवढ्यात गेनबा औषधांची पिशवी घेऊन आले, तशी मी उठून उभी राहिले. ते बाकावर टेकले, कुशीवर हात ठेवून. म्हणाले, "बसा डाक्टरीनबाई, बसा. उभ्यानं काय व्हतंय."

राजनंदिनीचा नंबर तनयाकडून घेतला. उद्या अकरा वाजता फोन करायचाय.